साडेतीन एकर, मार्चात आटणारी विहीर आणि फूड फॉरेस्ट

भाऊ, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. खान्देशात, जळगाव जिल्ह्यातल्या धरणगावकडे वडिलोपार्जित साडेतीन एकर. वरचा एकरभर मुरमाड, खालचं काळं, उतार पूर्वेच्या नाल्याकडे. विहीर मार्चात तळ दाखवते. तुम्ही पुण्याला नोकरीत, महिन्यातून दोन वेळा शनिवार-रविवार येऊ शकता. गावात आई आणि आप्पा, आप्पा सत्तरीकडे झुकलेले. पर्माकल्चरचा, म्हणजे निसर्गाच्या चालीने शेती रचण्याचा, कोर्स करून आलात आणि आता विचारताय की स्वेल (पाणी मुरवणारा चर) खोदू की शेततळं करू, आणि फूड फॉरेस्टसाठी, म्हणजे जंगलासारख्या थरांच्या खाण्याजोग्या बागेसाठी, कोणती तीनशे झाडं लावू?

यादीपासून सुरुवात केली की काय होतं ते मी माझ्याच वावरात भोगलंय. पारोळ्याच्या बाजूला, बोरीच्या खोऱ्यात आमची जमीन आहे. अठरा वर्षांपूर्वी मी पहिल्याच जुलैत 240 रोपं लावली. दिवाळीत फोटो काढले, सगळं हिरवंगार. पुढच्या आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) मोजली तर 31 जिवंत. पाऊस त्या वर्षी चांगला झाला होता, पाण्याचं साल वाईट नव्हतं. रोपं मेली ती एप्रिल आणि मेच्या सहा-सात आठवड्यांत, पश्चिमेकडून येणाऱ्या त्या भाजक्या वाऱ्यात. तेव्हापासून कुणाचंही वावर बघायला गेलो की मी एकच विचारतो: वैशाखात दुपारी दोन वाजता इथे ओल कुठे असते, सावली कुठे असते आणि माणूस कोण असतो? तुमच्या तिन्ही प्रश्नांची उत्तरं यातूनच निघतात, म्हणून त्याच क्रमाने जातो.

आधी ओल. आपल्याकडे वर्षाला साधारण 600 ते 700 मिलिमीटर पाऊस, धुळे-शिंदखेड्याकडे त्याहून कमी. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे चौरस मीटरला एक लिटर. 650 धरला तर एकरावर 26 लाख लिटर पडतात, तुमच्या साडेतीन एकरावर 90 लाखांच्या वर. एवढं पाणी दरसाल दारात येतं आणि विहीर मार्चात आटते. म्हणजे ते थांबत नाही. थांबवायचं कुठे, हा खरा प्रश्न, आणि त्याचं उत्तर तुमच्या आजोबांना माहीत होतं. ते दादर पेरायचे की नाही, आप्पांना विचारा. पाऊस सरता सरता पेरलेली ज्वारी, वरून एक थेंब पाणी न देता, नुसत्या ओलीवर आणि दवावर माघ-फाल्गुनापर्यंत उभी राहते, ती कशाच्या जोरावर? खोल काळी माती मीटरभर जाडीत पिकाला घेता येईल असं निदान 150 मिलिमीटर पाणी धरून ठेवते. एकराला हिशेब केला तर सहा लाख लिटर. तुमच्या खालच्या अडीच एकरात 15 लाख लिटरचं तळं आधीच आहे, त्याला प्लास्टिक लागत नाही आणि ते कुणी चोरून नेत नाही. फक्त दरवर्षी ते पूर्ण भरलं पाहिजे आणि उघडं पडून वाळायला नको.

आता स्वेल. कोर्समध्ये जो दाखवतात तो समपातळीवरचा चर. त्यात पाणी थांबतं आणि मुरतं. मुरमाड, उतारावरच्या जमिनीत ही गोष्ट उत्तम चालते. काळ्यात नाही. काळी माती सुरुवातीला भेगांतून भसाभस पाणी पिते, मग फुगते, भेगा मिटतात आणि पुढचं पाणी घ्यायला नकार देते. मी हे ऐकलं होतं, मानलं नव्हतं. आमच्या खालच्या तुकड्यात, अगदी पुस्तकासारखे, तीन चर काढले. ऑगस्टमध्ये सलग चार दिवस झड लागली. चर काठोकाठ भरले आणि दिवसेंदिवस तसेच राहिले. वरच्या अंगाची तूर पिवळी पडून बसली, आणि पाचव्या दिवशी मधल्या चराचा भराव एका कोपऱ्यात फुटला, तो खालच्या शेजाऱ्याच्या कपाशीतून नाला करत गेला. शेजारी काही बोलले नाहीत, त्याचंच जास्त वाईट वाटलं. आमच्याकडे तेव्हा एक म्हातारे सालदार, म्हणजे सालाने ठेवलेले गडी, होते. फावड्यावर हात टेकून एवढंच म्हणाले, "पानी कथा जास ते पहिले देख, मंग चारी खंद." पाणी कुठे जातं ते आधी बघ, मग चारी खण. ते वाक्य मला कोर्सच्या फीपेक्षा महाग पडलं, पण पटलं.

म्हणून काळ्यात ढाळीचे बांध घ्या. 100 मीटर लांबीला 20 ते 40 सेंटिमीटर एवढाच ढाळ, म्हणजे पाणी धावत नाही, चालत जातं, आणि शेवटी दगडाने बांधलेल्या सांडव्यातून नाल्यात उतरतं. पेरणी उताराला आडवी, रुंद वरंबा-सरीवर. पाण्याला रेंगाळू द्यायचं, मुक्काम करू द्यायचा नाही.

वरच्या मुरमाड एकरात मात्र स्वेल जरूर काढा. आपल्याकडे त्याला सलग समपातळी चर म्हणतात, पाणलोटाच्या कामात वर्षानुवर्षं होतात, नवीन काही नाही. 60 सेंटिमीटर रुंद, 30 खोल पुरतो. लेव्हल बघायला ए-फ्रेम करा: सारख्या लांबीचे दोन बांबू, मध्ये आडवी पट्टी, शेंड्याला दोरी आणि दोरीला दगड. दोन खुंट्यांवर उभी करून दोरी पट्टीवर कुठे येते ती खूण करा, मग पाय उलटे करून दुसरी खूण. दोन्हींच्या मधोमध दोरी आली की पाय समपातळीत. वारा असेल तर दगड जड घ्या, नाहीतर दोरी नाचत राहते आणि तुम्ही तिच्याबरोबर. हे काम मी पोरांना देतो, मोठ्यांपेक्षा नीट करतात.

कुठपर्यंत मुरूम आणि कुठून काळी, ते नजरेवर सोडू नका. तीन-चार ठिकाणी हातभर खोल खड्डा घ्या, एकदा भरून जिरू द्या, दुसऱ्यांदा भरा आणि घड्याळ लावा. तासाभरात उतरलं तर चर चालेल. दुसऱ्या दिवशी सकाळी पाणी तसंच दिसलं तर तिथे चराचा विचार सोडा.

शेततळ्यावर माझं मत लोकांना आवडत नाही. 30 बाय 30 मीटर, तीन मीटर खोल तळ्यात बाजूंचा उतार धरून 19-20 लाख लिटर बसतं, ऐकायला छान. पण मेमध्ये आपल्याकडे उघड्या पाण्याचा दिवसाला सेंटिमीटरभर थर सहज उडतो. 900 चौरस मीटरवर सेंटिमीटर म्हणजे रोजचे 9,000 लिटर वाफ. त्यात बहुतेक ठिकाणी ते पावसाने भरतच नाही, बोअरच्या पाण्याने भरतात. जमिनीखालचं गार, झाकलेलं पाणी उपसून उन्हात पसरायचं, याला साठवण कसं म्हणायचं? केळीवाल्याची गरज वेगळी आहे, त्याला ठरल्या दिवशी पाणी लागतंच. तुम्हाला शेततळ्याची गरज आज तरी दिसत नाही. नाल्याकाठी एखादं लहान, खोल, बिनप्लास्टिकचं खोदतळं करून वाहतं पाणी त्यात थांबवलं तर विहिरीला फायदा होईल, पण तो तळाला मुरूम लागला तरच.

यावरून धुळे जिल्ह्यातल्या शिरपूरचं काम आठवतं. भूवैज्ञानिक सुरेश खानापूरकर यांनी तिथे नाले रुंद आणि खोल केले, त्यामागचं म्हणणं साधं होतं: वरचा मातीचा थर पाणी खाली जाऊ देत नाही, तो काढून पाणी मुरणाऱ्या थराला भिडवा. तुमच्या विहिरीला हाच नियम. पण त्यासाठी नालाच खोदायला हवा असं नाही, आणि सरसकट जेसीबी लावून नाले उकरण्याच्या मी विरोधात आहे. एकाचा नाला खोल झाला की कधी दुसऱ्याच्या विहिरीचं पाणी त्यात उतरतं. विहिरीच्या वरच्या अंगाला दोन मीटरचा खड्डा घेऊन खाली मोठे दगड, मग खडी, मग वाळू भरा, आणि वरच्या चरांचं निवळलेलं पाणी त्यात सोडा. कपाशीतलं फवारणीचं पाणी मात्र विहिरीत थेट कधीच नाही. तुम्ही ते पिता.

इथवर एवढं झालं: काळ्यात ढाळ, मुरमात चर, विहिरीला गाळणखड्डा, शेततळं नको. आता सावली आणि वारा.

झाडं निवडताना मी त्यांना फळांवरून ओळखत नाही, वैशाखात ती काय करतात त्यावरून ओळखतो. काही झोपतात. बोर पानं गाळून निवांत पडतं, सीताफळ खराटा होऊन उभं राहतं, आवळ्याची इवली फळं पाऊस येईपर्यंत वाढायचं नावच घेत नाहीत. काही पाय रोवून उभी राहतात: कडुनिंब, चिंच, करंज, हिवर. अंजन तर खान्देशाचं खास झाड, डोंगर तापलेले असताना पालवी फोडतं आणि तीच पालवी ऐन टंचाईत गुरांना लागते. आणि काही दारात उभी राहून पाणी मागतात: केळी, पपई, लिंबू, मोसंबी, पहिली तीन वर्षं आंबासुद्धा. ही मागणारी मंडळी घराच्या सांडपाण्यावर जगतील एवढीच ठेवा, मोरीच्या आणि न्हाणीच्या पाण्यावर, आईच्या डोळ्यांसमोर. झोपणारी वरच्या मुरमात, चरांच्या खालच्या भरावावर. उभी राहणारी पश्चिम आणि नैर्ऋत्येच्या बांधावर, दोन ओळींत, कारण वारा तिकडूनच येतो. केळीच्या बागेभोवती शेवरी किंवा गजराज गवत लावलेलं तुम्ही पाहिलंच असेल. तेच तत्त्व, फक्त कायमच्या झाडांचं.

बोराबद्दल जरा जास्त लिहितो, कारण इथे फुकटचं धन पडून आहे. तुमच्या मुरमाड बांधावर रानबोरीची झुडपं असणार, दरवर्षी कुणीतरी तोडतं आणि ती पुन्हा फुटतात. ती फुटतात कारण मूळ खोल गेलेलं आहे, रोपवाटिकेतल्या पिशवीत गोल गोल फिरलेलं नाही. एप्रिलच्या शेवटी ती जमिनीपासून हातभर उंचीवर छाटा. नव्या फुटीतला एकच जोमदार कोंब ठेवा, बाकी काढा. कोंब पेन्सिलीएवढा झाला की जून-जुलैत त्यावर चांगल्या बोराचा डोळा भरा, म्हणजे कलम करा. उमराण, कडाका घेता येईल. माझा जीव मेहरूणच्या बोरावर. पाणी द्यावं लागत नाही, खड्डा खणावा लागत नाही. माझ्याकडे आज चांगलं उत्पन्न देणारी बोरं सगळी अशीच आहेत, विकत आणलेली एकही नाही. डोळा भरणारा माणूस गावात सापडला नाही तर दोन हंगाम हात बिघडवून स्वतः शिका. माझे पहिले वीसपैकी सोळा वाळले होते.

साक्री तालुक्यातलं बारीपाडा जमलं तर बघून या. तिथल्या जंगल राखण्याच्या कामासाठी चैत्राम पवार यांना 2025 मध्ये पद्मश्री मिळाली. तिथे गावाने आधी कुऱ्हाडबंदी आणि चराईबंदी केली, आणि जमिनीत दबून असलेलं जंगल वर आलं. तुमच्या एकरभर मुरमातही पहिलं वर्ष नुसतं राखलंत तर काय काय फुटतं ते बघून थक्क व्हाल.

राखणं सोपं नाही, हेही सांगतो. पिकं निघाली की आपल्याकडे रान मोकळं होतं, सगळ्यांची गुरं सगळीकडे. तारेपेक्षा पहिल्या तीन वर्षांत बाभळीच्या फांद्यांची काटेरी वाड आणि तिच्या आत सागरगोट्याचं कुंपण बरं. ठेलारी मेंढरं घेऊन येतात त्यांच्याशी भांडू नका. खालच्या काळ्या वावरात चार रात्री मेंढ्या बसवून घ्या, ठरलेले पैसे किंवा धान्य द्या, आणि त्यांनाच सांगा की वरच्या तुकड्यात जाऊ नका. शब्द पाळतात, हा माझा अनुभव. रोही (नीलगाय) आणि रानडुक्कर मात्र कुणाचंच ऐकत नाहीत.

पहिल्या उन्हाळ्यात रोप वाचवायची माझी युक्ती तुरीची आहे. प्रत्येक रोपाच्या पश्चिमेला मृगात तुरीचे चार-पाच दाणे टोका. पौषात शेंगा तोडा, पण खोडं उपटू नका. ती वाळकी खोडं मेअखेरपर्यंत उभी ठेवा, मध्ये पऱ्हाट्या (कपाशीची वाळकी झाडं) किंवा पळसाची पानं अडकवा. दुपारचं ऊन आणि वारा दोन्ही अडतात. शेजारी हसतील, म्हणतील रान झाडायला येत नाही का. आच्छादन भरपूर घाला, पण बुंध्यापासून वीतभर लांब, नाहीतर उधई (वाळवी) आधी पालापाचोळा खाते आणि मग साल.

पऱ्हाट्यांबद्दल एक सावधानता. गुलाबी बोंडअळी त्यांतच मुक्काम करते, म्हणून अख्ख्या पऱ्हाट्यांचे ढीग बांधावर रचून ठेवू नका. रोपाआड लावायच्या त्या किडकी बोंडं झाडून घेतलेल्या. बाकीच्या बारीक करून शेणकाल्यात कुजवा. जाळू मात्र नका, त्या 15 लाख लिटरच्या तळ्याचं झाकण त्यातूनच तयार होतं.

आता संख्या. तीनशे झाडं ही कोर्सच्या कागदावरची संख्या. तुमची संख्या टाकीवरून काढा. पहिल्या उन्हाळ्यात रोपाला आठवड्याला दोनदा वीस-वीस लिटर, सोळा आठवडे. शंभर रोपांना 64,000 लिटर झाले. घराचं छत 100 चौरस मीटर असेल तर 600 मिलिमीटर पावसात, गळती-उडणं वजा जाता, 48,000 लिटर मिळतात, म्हणजे पंचाहत्तर रोपांचं पाणी. टाकीचा खर्च जमत नसेल तर रोपं कमी करा, टँकरवर भरवसा ठेवून वाढवू नका. झोपणारी झाडं निम्म्या पाण्यात भागवतात. तुम्ही पंधरा दिवसांनी येणार, म्हणून प्रत्येक रोपाशेजारी मातीचा माठ पुरणं बरं पडेल, पण माठ भरायला मधल्या आठवड्यात कुणीतरी हवंच.

तो कुणीतरी म्हणजे आप्पा, असं तुम्ही गृहीत धरलंय, मला त्यातच धोका दिसतो. सत्तरीतल्या माणसाने एप्रिलमध्ये शंभर माठ भरायचे? माणसाची सोय आराखड्याच्या आधी करा. सालदार परवडत नसेल, आणि साडेतीन एकराला परवडत नाहीच, तर शेजारच्या सालदाराशी उन्हाळ्यापुरतं बोला. आखाजीला नवी सालं ठरतात, त्याच्या आधी बोला. आणि खालचं अडीच एकर मोडू नका. कपाशी-तूर, मग दादर किंवा हरभरा, जे आप्पा करतात ते चालू द्या, फक्त ढाळीचे बांध आणि आच्छादन घाला. झाडं उत्पन्न द्यायला लागेपर्यंत घर त्याच वावरावर चालणार आहे. फूड फॉरेस्ट म्हणून जे काही करायचं ते घरामागच्या दहा गुंठ्यांत, सांडपाण्यावर. शेवगा, हादगा, कढीपत्ता, दोन लिंबं, चार केळी, खाली भरताची वांगी. आई रोज जाते तिथेच ते जगेल.

पर्माकल्चर हा शब्द बिल मॉलिसन आणि डेव्हिड होल्मग्रेन यांनी ऑस्ट्रेलियात 1970च्या दशकात आणला. आपल्या पांझराकाठी त्याच्या कितीतरी आधीपासून फड पद्धत आहे: नदीवर बंधारा, पाटाने पाणी, शेतं तीन-चार फडांत वाटलेली, एका फडात सगळ्यांचं एकच पीक आणि दरसाल फेर. पाटकरी पाणी फिरवायचा, जागल्या राखण करायचा, पंपाची गरजच नाही. धुळ्याकडे जाणं झालं तर एखादा जुना पाट चालून बघा; ढाळ म्हणजे काय ते दहा मिनिटांत कळतं.

यंदा काहीही लावू नका. मृगाच्या पहिल्या मोठ्या पावसात रजा काढून या, छत्री घ्या, आणि पाणी तुमच्या हद्दीत कुठून शिरतं आणि कुठून बाहेर पडतं तिथे खुंट्या ठोका. त्याआधी मेच्या एका दुपारी वावरात तासभर उभे राहा. आणि ते तीन-चार खड्डे घेतलेत की कुठल्या खड्ड्यातलं पाणी किती तासांत उतरलं ते मला कळवा, विहिरीच्या वरच्या अंगाचा खड्डा विसरू नका. त्यावरून चरांमधलं अंतर सांगतो.